खळ घातलेला कागद

माझ्या लाँड्रीत कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं, हे मी ठरवते. आधी सासूबाई गेल्या, मग मालक गेले. तेव्हापासून कुणी मला सल्ला द्यायला आलं तर मी तो शेवटपर्यंत ऐकते, वर चहा पाजते आणि मग मला करायचं तेच करते. त्यामुळे त्या सकाळी माझा धाकटा भाऊ गल्ल्यावरून उठला आणि सगळ्यांच्या देखत त्याने माझ्या हातात घडी घातलेला कागद ठेवला, तेव्हा मला आधी हसूच आलं.

"काय रे हे? राजीनामा?"

"वाच ना ताई."

"तू मला वाचायला लावतोयस? म्हणजे यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे."

माझ्या भावाला लाँड्रीत सगळे मामा म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ लोण्यासारखी. तरुणपणी लोकांना निरोपसमारंभाची भाषणं लिहून द्यायचा. ज्या साहेबाला हाताखालच्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्यासाठी मामाने लिहिलेलं भाषण वाचताना तेच हाताखालचे हुंदके द्यायचे. मी मात्र तिसरीपर्यंत शिकले, तीही दोन वर्षं. अक्षर ओळखते, पण ओली चादर हौदातून ओढावी तसा एकेक शब्द ओढून काढावा लागतो. म्हणून मी खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि भट्टीवाला, धुणारे, वाळवणारे, सगळ्यांना तसंच उभं ठेवलं.

कागदात लिहिलं होतं:

'आदरणीय बाई, ज्या हातांनी या लाँड्रीचं नाव पांढरंशुभ्र ठेवलं, त्या हातांवर आज पिवळा डाग पडतो आहे. नवी आली आणि डाग आले. ती येण्याआधी डाग नव्हते, हे आपण जाणताच. हे केवळ आमचं म्हणणं नव्हे, साऱ्या बाजारात हीच चर्चा आहे. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही, तेही म्हणाले की हा निष्काळजी हाताचाच डाग. जी बाई कुणाशी धड बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून डबा खाते, तिच्या मनात काय असेल ते कोण सांगणार? आज डाग आहे, उद्या कापड जळेल, परवा दुकान जळेल. आपल्या सासूबाई असत्या तर त्यांनी हे एक दिवस चालू दिलं नसतं. आता आपणच ठरवा. नवी हवी, की लाँड्री हवी?'

खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. नवीची सोडून.

नवी म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावर इस्त्री करणारी बाई. गेल्या हिवाळ्यात आली, तरी नाव पडलं ते नवीच. तिची आधीची लाँड्री बंद पडली. गावातल्या बाकीच्यांनी मशिनं बसवली आहेत, त्यांना हाताने इस्त्री करणारी नको. घरी अंथरुणाला खिळलेले वडील. ही जे नेईल त्यावर दोघांची चूल. माझ्याकडून गेली तर या गावात तिच्यासाठी दुसरं टेबल उरलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं, मामालाही माहीत होतं आणि खाली मान घालून कॉलरी दाबत बसलेल्या नवीला तर होतंच.

आणि डाग खोटे नव्हते हो. हॉटेलची टेबलावरची पांढरी कापडं आमच्याकडून बर्फासारखी जायची आणि त्यांच्या कपाटात चार दिवस पडली की त्यांच्यावर फिकट पिवळे ओघळ उमटायचे. कुणीतरी चहा पिऊन हसावं तसे. गल्ल्यावर मामा बसतो, तेव्हा हॉटेलच्या मॅनेजरची सगळी बोलणी त्याच्या पदरी.

कागद संपला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंचं नाव आलं ना. मनात पक्कं झालं होतं, आजच्या आज हिला जा म्हणायचं. तोंड उघडलं, आणि उघडलेलं तसंच राहिलं.

सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला कामावरून काढलं नव्हतं. त्यांची जीभच रेटायची नाही. एकाने गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही भाजली, तर त्यालाच बसवून जेवायला घातलं. माणसं काढायचं काम माझ्याकडे आलं ते त्यामुळेच. मग मामा माझ्याच सासूबद्दल मला धडधडीत खोटं सांगतो आणि मी वर रडतेही?

हे कसं जमवलं मेल्याने?

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि कागद कमरेला खोचला.

"ताई, अगं यात उद्याचं काय आहे?"

"उद्या म्हटलं ना! भट्टी बघ, धूर होतोय."

लाँड्रीच्या वरच आमचं घर. धाकटी सून जाहिराती लिहिते. गाद्यांच्या, केसांच्या तेलाच्या, शिकवणीच्या. लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, हे काय काम झालं, खोटं बोलण्याचा पगार? तर म्हणाली, "आई, खोटं बोलायला बंदी आहे. आम्ही खरं अशा बेताने बोलतो की ऐकणाऱ्याने खोटं स्वतःच बनवून घ्यावं." त्या दिवसापासून मला ती आवडते. तिला सांगायची नाही ही गोष्ट.

तिने कागद वाचला आणि शीळ घातली.

"कुणी लिहिलं हे? आमच्या ऑफिसात उद्याच्या उद्या घेतील."

"कौतुक पुरे. मला सांग, मी रडले का?"

"रडलात?"

"डोळ्यात काहीतरी गेलं असेल. तू सांग."

ती पलंगावर मांडी घालून बसली. "पहिलं बघा. नवी आली आणि डाग आले. आई, तुमचे गुडघे कधीपासून दुखतात?"

"तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून."

"म्हणजे माझ्यामुळे दुखतात?"

"असं मी कधी म्हटलं?"

"म्हटलंय. पाहुण्यांसमोर म्हटलंय."

मी म्हटलं, "बरं, एकापाठोपाठ दुसरं आलं म्हणून पहिल्याने दुसरं आणलं असं नाही. पुढे चल."

"डॉक्टर म्हणाले."

हे माझं मलाच उमगलं. "त्या डॉक्टरला अंगावरचे डाग कळतात, टेबलक्लॉथवरचे काय कळणार? स्वतःच्या कोटावरचा शाईचा डाग त्याने पाण्याने घासून हातभर पसरवून आणला होता."

"बरोब्बर. आणि सगळा बाजार म्हणतो."

"सगळा बाजार म्हणजे मामा आणि समोरचा चहावाला."

मला गंमत वाटायला लागली. आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुणी कडक, कागदासारखं ताठ कापड आणून टाकलं, की मी ते आधी नुसत्या पाण्यात बुडवते. खळ निघून गेली की खरं कापड दिसतं. विरलेल्या कापडाला लोक जास्तीची खळ घालतात, अंगात जोर आहे असं वाटावं म्हणून. आमच्यातल्या नवशिक्याला ते कळत नाही, तो तसंच भट्टीत टाकतो आणि काढतो तेव्हा हातात चिंध्या. मी सुनेला हे सांगितलं तर तिने टाळीच वाजवली.

"तसंच करू या. खळ काढत जाऊ, बघू खाली काय राहतं."

मग आम्ही दोघी त्या कागदावर बसलोच. ती भिंतीकडे तोंड करून जेवते, यात डागाचा संबंध काय? मी तर उभ्याने जेवते. आज डाग, उद्या आग. मधली पायरी कुठे आहे, कुणी दाखवा. नवी हवी की लाँड्री. का बाबा, दोन्ही का नको, लाँड्री काय सवत आहे तिची? आणि सासूबाई. सून म्हणाली, "हे सगळ्यात हुशारीचं. मेलेल्या माणसाची साक्ष. उलटतपासणी करता येत नाही."

"मी करू शकते," मी म्हटलं. "मी त्यांच्याबरोबर सव्वीस वर्षं काढली आहेत."

दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं होतं, पण मी आणखी थोडे दिवस मागून घेतले. खरं सांगायचं तर मला नाद लागला होता. रस्त्याने चालताना मान वर करून पाट्या वाचायचे. शब्द ओढत ओढत का होईना, पण वाचायचे. एका साबणाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'हुशार आई हाच निवडते.' म्हणजे दुसरा घेतला की मी ढ? भाजीवाला म्हणाला, "सगळ्या बायका हीच मेथी घेऊन गेल्या." मी म्हटलं, "सगळ्या घेऊन गेल्या तर ही कुणाची राहिली?" घरात तर कुणाला तोंड उघडायची सोय उरली नाही. थोरला मुलगा म्हणाला, "आई, हे खूळ तुझ्या डोक्यात सुनेने भरवलंय." मी म्हटलं, "बघ, मुद्दा सोडून माणसावर घसरलास!" त्याने ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवला. माझंही एकदा पकडलं गेलं. नातीला म्हटलं, आमच्यात मुली संध्याकाळी शीळ घालत नाहीत. ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "कधी घातली नाही म्हणून." आणि माझं मलाच ऐकू आलं. शीळ घाल म्हटलं बाई, पण बेसूर नको.

आणि मग मी सगळ्यांना खाली हौदापाशी जमवलं. सूनही जिन्यात येऊन उभी राहिली. नवीला मुद्दाम पुढे उभं केलं. कागद उघडला आणि हाताला लागेल ते वाक्य धरून पिळलं. मामाचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं. डॉक्टरच्या कोटाची गोष्ट सांगितली तेव्हा धुणारे हसायला लागले. सासूबाईंपाशी आले तेव्हा मी आवाज असा लावला की भट्टीवाल्याने टोपी काढली.

"तर या कागदात," मी शेवटी म्हटलं, "एकही गोष्ट पायावर उभी राहत नाही. सगळी खळ आहे खळ. तेव्हा नवीचा यात काही दोष नाही. ती इथेच राहील. संपलं!"

जिन्यातून सून म्हणाली, "आई, एक मिनिट, ते शेवटचं—"

"तू थांब गं, मी बोलतेय."

"ताई," मामा म्हणाला. आवाजात राग नव्हता, याचं मला तेव्हा नवल वाटलं. "माझं लिहिणं चुकलं असेल. मग डाग येतात कुठून?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आणि ज्या गोष्टीचं उत्तर मला माहीत नसतं तिथे माझा आवाज आपोआप चढतो.

"दाखवते! पहिलवान, इकडे ये."

पहिलवान म्हणजे आमचा जुना इस्त्रीवाला. केरसुणीसारखा बारीक, म्हणून पहिलवान. त्याच हौदातली, त्याच खळीतली टेबलाची कापडं मी दोघांत वाटून दिली. अर्धी पहिलवानाने दाबायची, अर्धी नवीने. वेगवेगळ्या गठ्ठ्यांत बांधायची, माझ्या कपाटात ठेवायची आणि किल्ली माझ्या कमरेला. चार-सहा दिवसांनी सगळ्यांसमोर उघडू. दोन्ही गठ्ठ्यांवर डाग आले तर पाण्याचा दोष. कुठेच आले नाहीत तर हॉटेलच्या कपाटाचा. नवीच्या बाजूने निकाल लागणार, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. नवीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, कृतज्ञतेने. तसं काही नव्हतं ते.

कपाट उघडलं त्या दिवशी हॉटेलचा मॅनेजरही मामाने बोलावून ठेवला होता. पहिलवानाचा गठ्ठा सोडला. पांढरं, पांढरं, पांढरं. नवीचा सोडला. पहिल्याच कापडावर पिवळा ओघळ. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. मी एकेक उलगडत गेले, जणू पुढचं तरी माझं ऐकेल.

"बघा," पहिलवान म्हणाला आणि मामाने त्याला कोपर मारलं.

मी कापडं तशीच टाकून वर निघून आले आणि पलंगावर बसले. थोड्या वेळाने सून आली.

"तू बोलणार होतीस तेव्हा," मी म्हटलं, "काय बोलणार होतीस?"

"की मामांची कारणं पोकळ आहेत, एवढंच कळलं. गोष्ट खोटी आहे असं नाही कळलं." ती माझ्या शेजारी टेकली. "बटाटे फाटक्या पिशवीतून आणले म्हणून ते बटाटे नसतात असं थोडंच आहे?"

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात, तू थांब गं."

हे मला झोंबलं, कारण खरं होतं. मामाची सगळी वाक्यं वाकडी आणि शेवट बरोबर. माझी सगळी वाक्यं सरळ आणि शेवट चुकीचा. असं होऊ शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगत होती बिचारी.

आता काय? नवीला काढायचं? आता तर कागदाचीही गरज नव्हती, साक्षात कापडं बोलत होती. पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळायला लागलं. पहिलवानाची कापडं त्याच खळीतली, तशीच इस्त्री, तसंच टेबल. मग हिच्या हातात असं काय आहे? आणि नुसती टेबलाचीच कापडं का? दवाखान्याचे कोट हीच दाबते, शर्ट हीच दाबते, त्यांच्यावर तर कधी काही आलं नाही. सगळ्या कागदावर मी इतके दिवस झटले, आणि हिच्या टेबलापाशी मी एकदाही जाऊन उभी राहिले नव्हते. मामाही नाही. बाजारही नाही. डॉक्टर तर नाहीच नाही.

मी खाली गेले, स्टूल ओढलं आणि नवीच्या समोर बसले. तिने डबा, चप्पल, सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं.

"ते राहू दे. एक कापड घे. रोज करतेस तसं दाब."

"कशाला बाई? निकाल लागला ना."

"मला बघायचंय."

तिने खळीचं ओलसर कापड पसरलं. पाणी शिंपडलं. इस्त्री उचलली आणि टेबलाच्या कोपऱ्यात एक मळकट कापडाची उशी होती, हाताएवढी, तिच्यावरून इस्त्रीचा तळ एकदा सर्रकन फिरवला. मग कापडावर टेकवली. बदकाने पाण्यावरून जावं तशी इस्त्री गेली. पहिलवान दाबतो तेव्हा खरखर आवाज येतो. हिचा आवाजच नव्हता. इतके महिने मी त्या आवाज नसण्याचं कौतुक केलं होतं, काय हात आहे बाईचा म्हणून.

"त्या उशीत काय आहे?"

"मेण."

"मेण?"

"तळाला मेण पुसलं की इस्त्री सरकते. माझ्या आईने शिकवलं. आमच्याकडे सगळ्या असंच करायच्या."

"तिकडे खळ घालायचे?"

"नाही. तिकडे नुसते शर्ट आणि चादरी. खळ इथे आल्यावर पाहिली."

मी पहिलवानाकडे वळले. "तू तळ कशाने पुसतोस?"

"मिठाने. कागदावर मीठ टाकायचं नि घासायचं. तुमच्या सासूबाईंनीच सांगितलेलं."

मी उशी हातात घेतली, वास घेतला, बोटांनी दाबली. शर्टांना, कोटांना आम्ही खळ घालत नाही, त्यांच्यावर मेण बसतं आणि काही होत नाही. खळीच्या कापडावर तेच मेण खळीत मुरतं आणि चार दिवस घडीत दबलं की पिवळं होऊन वर येतं. तेव्हा हे सगळं मी अंदाजानेच बोलत होते, पण बोलता बोलता मला इतका आनंद झाला की मी स्टुलावरून उठून उभी राहिले. गुडघे दुखल्याचंही कळलं नाही. तिची रीत बरोबर, आमची रीत बरोबर, आणि दोन्ही एका कापडावर आल्या की डाग!

"बघ, असं आहे ते!" मी नवीला म्हटलं. "आता मेण बंद, मीठ चालू. झालं. पिशवी सोड."

इस्त्री तिने स्टँडवर उभी केली.

"बाई, मेणाचं मला कुणी विचारलं असतं तर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं."

"हो, ते राहिलंच."

"मामांनी कागद लिहिला. तुम्ही कागद पिळलात. तुम्ही माझ्या बाजूने बोललात, पण माझ्याशी नाही बोललात." तिच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. "मला वाचता येत नाही. त्या दिवशी तुम्ही मधली मधली वाक्यं सांगितलीत. मला तो अख्खा ऐकायचाय. ज्यांनी लिहिला त्यांनी वाचावा. मग मी ठरवते, राहायचं की नाही."

माझ्या लाँड्रीत राहायचं की नाही हे कुणी दुसरंच ठरवणार, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. जीभ सळसळली. पण ती मी आवरली, कारण तिच्या बोलण्यात मला एक वाकडी जागा सापडेना. शोधली मी.

"मामा," मी हाक मारली. "ये. वाच."

"ताई, आता कशाला ते?"

"मोत्यासारखं अक्षर आहे ना? मग वाचायला काय जड जातंय?"

मामा आला. कागद मी उलगडून दिला. त्याने घसा साफ केला आणि निरोपसमारंभाच्या आवाजात सुरुवात केली. ज्या हातांनी नाव पांढरंशुभ्र ठेवलं, तिथवर ठीक होतं. नवी आली आणि डाग आले, इथे त्याने मान डोलावली, कारण आता ते खरंच निघालं होतं. मग जी बाई कुणाशी धड बोलत नाही, तिथे आला आणि समोर पाहिलं. ती बाई हात टेबलावर ठेवून त्याच्याकडेच बघत होती. मामाचा आवाज उतरला. 'भिंतीकडे तोंड करून—' एवढं म्हणून त्याने चष्मा काढला.

"पुढे?" नवी म्हणाली.

"हे, हे मला लिहायला नको होतं."

"मी भिंतीकडे तोंड करून जेवते कारण माझ्या डब्यात बहुतेक दिवस काही सांगण्यासारखं नसतं. पुढे वाचा."

मामाने खिशातून पेन काढलं, ते वाक्य खोडलं. मग डॉक्टरचं खोडलं. मग आगीचं. सासूबाईंचं खोडताना माझ्याकडे बघितलं नाही. एकेक ओळ आडवी होत गेली. मी मध्येच म्हटलं, "अरे, एवढं सगळं कशाला लिहिलंस? डाग येतात, बघा, एवढंच म्हणायचंस."

तेव्हा मात्र तो उसळला. "एवढंच म्हटलं होतं! दोनदा म्हटलं. तू काय म्हणालीस? मामा, गल्ल्यावर बस. त्या मॅनेजरच्या शिव्या मी खायच्या आणि तुझ्यापुढे साधं बोललं तर तू ऐकायची नाहीस. म्हणून घातली खळ. ताई, तुला साधं कापड दिसतच नाही!"

बहिणीला असं सगळ्यांसमोर बोलावं का भावाने? पण दोनदा म्हटलं होतं, हे मला आठवलं. मी म्हटलं, "बरं बरं, ओरडू नकोस, भट्टीवाला दचकला," आणि तेवढ्यावर सोडलं. माझ्याकडून याहून जास्त कुणाला कधी मिळालेलं नाही, हे मामाला माहीत आहे. तो लगेच शांत झाला.

कागदावर शेवटी एकच ओळ राहिली, तीही त्याने समासात नव्याने लिहिली होती. ती त्याने साध्या आवाजात वाचली. "नवीने दाबलेल्या खळीच्या कापडांवर पिवळे डाग येतात. का ते कळलं पाहिजे."

नवीने मान डोलावली. "हे खरं आहे. याला माझाही अंगठा घ्या."

मामाने शाईची डबी आणली. तिने अंगठा उठवला, पदराला पुसला आणि पहिलवानाकडे हात केला. "मीठ द्या."

मिठाने तिची इस्त्री सरकेना. अडखळत, खरखरत गेली. पहिलं कापड तिने दोनदा ओलं करून पुन्हा दाबलं. पहिलवान शेजारून म्हणाला, "जोर नका देऊ, तळ गरम होऊ द्या," आणि तिने त्याचं ऐकलं. ती त्या आठवड्यात पहिलवानाच्या निम्मंच काम करू शकली. मी काही बोलले नाही, म्हणजे थोडंच बोलले.

ती कापडं मी कपाटात ठेवली आणि या वेळी किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लावून ठेवली. कोणीही जावं, उघडावं, बघावं. भट्टीवाला जाऊन बघून आला. सून ऑफिसातून येता येता डोकावायची. मॅनेजरने दोनदा विचारलं. मी स्वतः किती वेळा उघडलं ते सांगत नाही. मेणाबद्दलचा माझा अंदाजही अंदाजच होता ना. कोण जाणे, तो चुकला तर मला नव्याने शोधावं लागणार होतं. आणि खरं सांगू? त्याचीही मला थोडी उत्सुकता होती.

कापडं पांढरी राहिली. आम्ही सगळे कपाटाभोवती वाकून उभे होतो. मामाने एक कापड उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं भाषण चढायला लागलं.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो—"

"काय म्हणत होतात?" नवीने विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

मामाने कापडाची घडी घातली आणि हॉटेलच्या गठ्ठ्यात ठेवली.